नऊ वाजताचा नंबर

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असली की भांडगावच्या त्या घरात कुणी अनिताला हाक मारत नसे. सासूबाई मुक्ताबाई नऊ महिन्यांच्या सार्थकला काखेला मारून ओट्यावर जायच्या. नवरा इंद्रजीत कुरकुंभच्या कारखान्यातनं रात्रपाळी करून आलेला असला तर तो पलीकडच्या खोलीत घोरत पडलेला असायचा. आणि अनिता आतल्या खोलीत दिवाणावर मांडी घालून, पुढ्यात लॅपटॉप अन् कानाला फोन, अशी बसायची.

तिची नोकरी रांजणगावच्या एका कारखान्यात. काम डिस्पॅचचं. कुठल्या गाडीत कुठला माल चढवायचा हे बघून तिनं गेटपास काढला की मगच गाडी गेटाबाहेर. सातव्या महिन्यात डॉक्टरनं प्रवास बंद केला तेव्हा साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली, ती बाळंतपणाची रजा संपल्यावरही चालू राहिली. घरून काम म्हणजे आधी व्हीपीएन लावायचं. व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या कंप्युटरांपर्यंत जायचं मागचं फाटक म्हणा ना. पासवर्ड टाकला की मोबाईलवर सहा आकडी नंबर येतो, तो साठ सेकंदांत टाकला की फाटक उघडतं. एकसष्टाव्या सेकंदाला तो नंबर मेला. मग दुसरा मागवा.

आता गंमत अशी की हा नंबर अनिताच्या मोबाईलवर येतच नव्हता. तो यायचा तिकडं शिरूर तालुक्यात, केंदूरला, तिच्या आईच्या बटनाच्या फोनवर.

हसू नका. त्याला कारण झालं होतं. अनिता बाळंतपणाला माहेरी गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा फोन म्हशीच्या हौदात पडला. नेमकं त्याच दिवशी ऑफिसातनं विचारलं, मॅडम, व्हीपीएनला नंबर कुठला टाकू? तिनं आईचा सांगितला, तात्पुरता म्हणून. तात्पुरता! पुढं नवा फोन आला, पोरगं झालं, पाचव्या महिन्यात पोराला घेऊन ती सासरी आली, रजा संपून काम सुरू झालं, तरी नंबर आपला साळूबाईच्याच फोनवर. ऑफिसला एक निरोप टाकला असता की दोन मिनिटांत बदलून मिळाला असता. हे अनिताला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं तो निरोप टाकला नाही.

का नाही टाकला, ते साळूबाई कशी बाई आहे हे कळल्याशिवाय कळायचं नाही.

अनिताचे वडील जाऊन चार वर्षं झाली. भाऊ-बहीण कुणी नाही. साळूबाई एकटी, दोन म्हशी आणि दीड एकर कांदा. भांडगावला येऊन राहा म्हटलं तर अंगावर यायची. "लेकीच्या दारात जाऊन बसू व्हय मी?" नातू होईपर्यंत तिनं भांडगावात घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. जुनी रीत, ती तिनं तोवर कटाक्षानं पाळली. आणि फोनचा तर तिचा कायदाच होता. लेकीच्या सासरी फोन करायचा तो कामापुरता. काम नसेल तर करायचा नाही, आणि लेकीनं केला तर दोन वाक्यांत ठेवायचा. "बरी हायस ना? पोरगं बरं हाय ना? मंग ठिव." ठक! अनिता फोन हातात धरून बघत राहायची. असा राग यायचा की सांगता सोय नाही.

पण नंबर हे काम होतं. पगाराचं, ऑफिसचं, साहेबांचं काम. त्याला साळूबाईचा कायदा लागू नव्हता. त्यामुळं रोज सकाळी नऊला, रविवार सोडून, आईचा आवाज अनिताच्या हक्काचा होता.

"मागवलाय गं आई. आला का?"

"थांब की जरा. न्हाई अजून. काळीनं आज पान्हा चोरला."

"का गं?"

"काय ठावं. वैरण बदलली म्हणून आसंल. हिरवा मका संपला, कडब्याला तोंडच लावंना. पोरगं उठलं का?"

"मगाशीच. ओट्यावर आहे, आत्याबाईंकडं."

"टोपडं घाल त्येला, वारं सुटलंय. आला, आला! घे. चार. शून्य. मंग ते दोन चकल्या येकावर येक, आठ. परत आठ. दोन. सात."

साळूबाई चौथी पास. इंग्रजी आकडे तिला अनितानं शिकवले होते, माहेरी, बाळंतपणाआधीच्या दोन महिन्यांत, अंगणात बसून.

बरं, एवढ्यावर थांबली असती तर ती अनिता कसली! एवढा नंबर हातात आल्यावर ती काय करायची? काही नाही. बोटं बटणांवर ठेवून गप बसायची आणि साठ सेकंद जाऊ द्यायची.

"गेला गं आई. लागला न्हाई. दुसरा मागवते."

"आगं, मी तर भराभरा सांगितलं!"

"माझाच हात चुकला."

खोटं. साफ खोटं. हात बिलकूल चुकलेला नसायचा. दुसरा नंबर येईपर्यंत अजून एक मिनिट आई बोलायची, शेजारच्या अनसाबाईच्या सुनेचं, कांद्याच्या रोपाचं, रस्त्यावर मुरूम टाकला त्याचं. त्या दोन मिनिटांवर अनिता आख्खा दिवस काढायची. तीन महिने हे चाललं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग एका मंगळवारी बिघडलं.

"घे. पाच. येक. नऊ. तीन. तीन. सहा."

त्या दिवशी पहिला नंबर वाया घालवायलाही वेळ नव्हता, चाकणला जायची गाडी सकाळीच भरून उभी होती. अनितानं लगेच टाकला. नंबर चुकीचा. दुसरा मागवला.

"आई, आला का?"

"हाय की. पाच. येक. नऊ..."

"अगं, हा मघाचाच की!"

"वर तोच दिसतोय बाई. दुसरा कुठंय?"

फोन वर धर म्हणाली, अंगणात जा म्हणाली, गोठ्याच्या मागं कांदा साठवायच्या बराखीपाशी जा म्हणाली. साळूबाई सगळीकडं फिरून आली. नवा नंबर काही येईना. घाईघाईत जुनाच परत टाकून बघितला, आणि पाचव्यांदा चुकल्यावर पडद्यावर लाल पट्टी आली. खातं बंद.

आता ऑफिसच्या कंप्युटरवाल्यांना फोन करणं आलं. तिथं हनुमंत नावाचा मुलगा होता. मूळचा पाटसकडचा, कामाला चोख, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी सगळं करून बघितलंय यावर त्याचा कधीच विश्वास नसायचा.

"मॅडम, नेट चालू आहे का?"

"आहे."

"राउटर बंद करून चालू केला का?"

इथं अनितानं खरं सांगायचं होतं. नंबर माझ्या आईच्या फोनवर येतो आणि तिथं काहीतरी घोळ झालाय, बस, एवढं एक वाक्य. पण ते तोंडातनं बाहेर पडलं की हनुमंत म्हणणार, मग नंबर बदलून टाकू की मॅडम. तिनं गिळलं ते वाक्य.

"न्हाई केला," ती म्हणाली. "करते."

आणि मग त्या घरात जे काही सुरू झालं, ते बघायला पाहिजे होतं! रात्रपाळीवरनं आलेला इंद्रजीत झोप सोडून शिडी लावून वर चढला, खांबावरनं आलेली केबल उंदरानं कुरतडली का ते बघायला. राउटर भिंतीवरनं काढून खिडकीत ठेवला, खिडकीतनं काढून कपाटावर ठेवला. मुक्ताबाईंना कुणीतरी सांगितलं की घरगुती गिरणी चालू असली की कंप्युटरला त्रास होतो. त्यांनी गिरणीची पिनच काढून ठेवली आणि दळण घेऊन आलेल्या बाईला दारातनंच परत लावलं. "आमच्या अनिताचं फाटक उघडंना बाई. तू चारला ये." शेजाऱ्यांची मोटार चालू झाली तर ह्या ओट्यावरनं ओरडायच्या, "आरं बंद करा की ते! माझ्या सुनेची नोकरी जाईल!"

अनिता हे सगळं बघत होती. जीव अर्धा झाला तिचा. सासू म्हणजे काही वाईट बाई नव्हे, उलट इतकी चांगली की लाज वाटावी. नवरा डोळे लाल करून शिडीवर. आणि हिला पक्कं ठाऊक की राउटरला धाड भरली नाही, केबल ठणठणीत आहे, गिरणीचा काही संबंध नाही. तरी तोंड उघडेना.

बुधवारी हनुमंतनं खातं उघडून दिलं आणि लॅपटॉपवरचं व्हीपीएन काढून परत टाकायला लावलं. दोन तास गेले. काही फरक नाही. गुरुवारी त्यानं लॅपटॉपचं घड्याळ तपासलं, तारीख तपासली, इंद्रजीतच्या मोबाईलचं नेट जोडायला लावलं. काही नाही. तिकडं ऑफिसात मोनाली, अनिताच्या शेजारच्या टेबलावरची, तिचे गेटपास काढत होती, आणि काढता काढता वैतागली होती. गुरुवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, हे खरं.

"सोमवारी लागलं तर ठीक. नाहीतर रोज इथं यावं लागेल. मोनाली तरी किती दिवस दोघींचं काम करणार?"

रोज रांजणगाव म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, चौफुल्यावरनं दोन गाड्या बदलून, आणि नऊ महिन्यांचं अंगावर पिणारं पोर घरी. ते जमणार नव्हतं. म्हणजे नोकरी जाणार, हे सरळ होतं.

शुक्रवारी दुपारी हनुमंतचा फोन आला. ह्या वेळी त्यानं राउटरचं काही विचारलं नाही.

"मॅडम, मी तुमचा जुना सगळा रेकॉर्ड काढला. तुमच्या नेटला काही झालेलं नाही. लॅपटॉपलाही नाही. नंबरच जुना टाकताय तुम्ही."

अनितानं लॅपटॉप मिटला.

"आणि नंबर जातो तो मोबाईल तुमचा नाहीये. शेवटचे आकडे एक्केचाळीस. कुणाचा आहे?"

"आईचा."

"आई तिथंच असते का?"

"न्हाई. केंदूरला."

तिकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. हनुमंत बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"आणखी एक दिसतंय. तीन महिने झाले, रोज तुमचा पहिला नंबर वाया जातोय. टाकलाच नाही तुम्ही. दुसऱ्याला पहिल्या झटक्यात लागतंय. रोजच. रविवार सोडून."

अनिताच्या कानशिलांना धग लागली. चोरी सापडल्यावर लागते तशी. कुणी परक्या माणसानं तिकडं रांजणगावात बसून, तारीखवार, तिची आईची आठवण मोजली होती. तिला रडूही आलं आणि त्याच्या कंप्युटरला आग लावावी असंही वाटलं.

"रोज दोन-दोन नंबर," हनुमंत म्हणाला. "बटनाचा फोन आहे ना? मेसेजची जागा भरली असणार. भरली की नवा आत येत नाही. मग त्यांना वर दिसतो तो जुनाच वाचणार की."

म्हणजे हिनंच केलं होतं! आईचा आवाज मिनिटभर जास्त मिळावा म्हणून जे नंबर वाया घालवले, त्यांनीच आईचा फोन गच्च भरला होता. अनितानं डोक्याला हात लावला.

"जुने मेसेज पुसले तर चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल. पण मला नाही चालवून घेता येणार, ताई." मॅडमची ताई कधी झाली ते तिलाही कळलं नाही. "नंबर दुसऱ्याच्या फोनवर ठेवता येत नाही, नियमच आहे. आता मला दिसलंय, म्हणजे मला बदलावाच लागेल. सोमवारी सकाळी बदलतो. तोवर आईला सांगा."

रविवारी ती इंद्रजीतच्या मोटरसायकलवर, सार्थकला पुढं बांधून केंदूरला गेली. आईला सांगायचं आणि यायचं. वाटेत चार वेळा मनात वाक्यं जुळवली. दारात पोचली तर साळूबाई घरात नव्हती. शेजारच्या अनसाबाईनं कुंपणापलीकडनं हात केला.

"बराखीपाशी बघ. तिथंच असती ती आताशा. सकाळी आठला जाऊन बसती फोन घिऊन. हाक मारली तर म्हणती, गप, पोरीचा नंबर यायचाय. आन् आज तर रैवार हाय म्हणलं बाई, तर म्हणती, बसायची सवय लागलीया."

आठला. नंबर नऊला यायचा. अनितानं काही विचारलं नाही.

आई तिथंच होती, कांद्याच्या बराखीच्या सावलीत, पालथ्या घमेल्यावर बसलेली, फोन मांडीवर. नातवाला बघून उठली, त्याचे मुके घेतले, जावयाला बघून पदर सावरला, आणि लेकीला म्हणाली, "तू गं कशी आलीस? काय काम काढलं?"

"फोन बघायला आले. बिघडलाय ना."

अनितानं फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र उघडझाप करत होतं. आत गेली. एकाखाली एक, एकाखाली एक, दोनशे मेसेज, आणि सगळे ऑफिसचे. दुकानांच्या जाहिराती आईनं पुसल्या होत्या, मोबाईल कंपनीचे पुसले होते. हे तेवढे ठेवले होते.

"हे पुसायला पाहिजेत आई. भरलाय फोन."

"पुसू?" साळूबाईनं फोन जवळजवळ हिसकावलाच. "काय लागत न्हाई पुसायला. तुझ्या कामाचं हाय समदं. उद्या साहेबानं मागितलं म्हंजी?"

"साहेब न्हाई मागत. मेलेले नंबर आहेत ते."

"मेले कशानं? दिसत्यात की चांगले."

इंद्रजीत हसायला लागला. अनिताही हसली असती. पण तिचं लक्ष आईच्या अंगठ्याकडं होतं. फोन पदरात गुंडाळताना तो अंगठा त्याच्यावरनं फिरत होता, सारखा. जुळवलेली सगळी वाक्यं विरून गेली. दुपारी कांद्याची भाजी-भाकरी झाली, आईनं डबाभर लोणी दिलं, पोराच्या कपाळाला अंगारा लावला. दिवस मावळायच्या आत निघा म्हणाली. तिनंच निघा म्हटलं. चौफुल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत अनिता नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून रडत होती. इंद्रजीतनं गाडी हळू केली आणि काही विचारलं नाही, हे त्याचं चांगलं.

सोमवारी नऊला हनुमंतचा फोन आला. दोन मिनिटांचं काम होतं, दोन मिनिटांतच झालं. नंबर अनिताच्या मांडीवरच्या मोबाईलवर टणकन वाजला. तिनं टाकला. पहिल्या झटक्यात लागलं. पडद्यावर हिरवा टिळा.

"लागलं!" इंद्रजीत दारातनं ओरडला. मुक्ताबाईंनी देवापुढं साखर ठेवली, गिरणीची पिन परत लावली, आणि सार्थकला उंच उचलून म्हणाल्या, "आईचं फाटक उघडलं रं बाळा!" सगळं घर खूश. अनिता गेटपास काढत होती आणि पडद्यावरची अक्षरं तिला नीट दिसत नव्हती.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. साळूबाई. उभ्या जन्मात लेकीच्या सासरी आपणहून फोन न करणारी साळूबाई.

"आगं, नंबरच आला न्हाई! मी कवाधरनं बसलीया. तुझं काम खोळंबलं आसंल."

आता तरी सांगायलाच हवं होतं.

"आई, तो नंबर आता माझ्याच फोनवर येतो. ऑफिसनं बदलला. आजपासनं."

पलीकडं कोंबडं ओरडलं.

"आस्सं व्हय," साळूबाई म्हणाली. "मंग ब्येस झालं की. मलाबी कटकट गेली. सकाळी म्हशीचं बघायचं का तुझा नंबर बघायचा! ब्येस झालं." आणि ठक.

मंगळवारी अनिताचं व्हीपीएन नऊला तीन कमी असताना लागलं. बुधवारी नऊला पाच कमी. गुरुवारी साहेबांनी आपणहून फोन करून शाबासकी दिली. हनुमंतनं विचारलं, ताई, काही अडचण? नाही म्हणाली. अडचण काय सांगणार? सगळं सुरळीत होतं. नऊ वाजायचे आणि कान रिकामा. त्याच आठवड्यात एकदा तिनं भाजी निवडता निवडता मुक्ताबाईंना विचारलं, आत्याबाई, तुमची आई फोन करायची का हो? मुक्ताबाई म्हणाल्या, आमच्या वेळेला कुठला फोन, वर्षातनं एकदा जत्रा भरायची तेव्हा कुणाबरोबर तरी निरोप यायचा, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की सून भाजी निवडत नाहीये, नुसती देठं मोडतीये.

"कर की आईला फोन," त्या म्हणाल्या. "कुणी नको म्हणलंय?"

"तीच नको म्हणते."

शुक्रवारी नऊ वाजता तिनं केला. चाकणची गाडी गेटवर होती, गेटपासाचं पान पडद्यावर उघडं होतं, एक बटण दाबायचं बाकी होतं.

"काय झालं?" साळूबाईनं पहिल्याच घंटीला उचलला. "पोरगं बरं हाय ना?"

"बरं आहे."

"जावाईबापू?"

"सगळी बरी आहेत."

"मंग काय काम?"

"काम काही न्हाई."

"मंग ठिव की. तुझी कामाची येळ हाय."

आणि इथं अनिता सुटली. आजवर आईपुढं कधी चढा आवाज न काढलेली पोरगी.

"न्हाई ठेवत! काय गं सारखं काम, काम? काम असलं तरच बोलायचं का मी तुझ्याशी? परकी आहे का मी? मला आठवण येते तुझी. रोज येते. तो नंबर पहिल्यांदाच लागला असता, ऐकलंस? मी मुद्दाम घालवायचे, रोज, तू अजून एक मिनिट बोलावंस म्हणून!"

"ठावं हाय मला."

"काय ठावं आहे?"

"आगं, तीन-तीन महिने रोज हात चुकणारी पोर न्हाई माझी." साळूबाईचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "मीबी मंग दुसरा आला की जरा दमानं वाचायची."

ओट्यावरनं मुक्ताबाईंचं पोराशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. अनितानं तोंडावर पदर धरला.

"मग फोन का करत न्हाईस? चार दिवस झाले. माझी आठवण न्हाई येत?"

"येती म्हणून तर करत न्हाई." आणि आता तो आवाजही हलला. "आगं, मला काय रीत-भात लागून ऱ्हायलीया व्हय? तुझं लगीन झालं त्या दिशी घरात आले, आन् वाटलं, आत्ता फोन करावा. चुलीपाशी गेले, वाटलं करावा. झोपताना वाटलं करावा. मी माझ्याच मनाला म्हणलं, साळे, एकदा का बिनकामाचा केलास तर तुला थांबता यायचं न्हाई. सकाळी करशील, दुपारी करशील, पोरगी तिकडं अर्धी आन् हिकडं अर्धी, कुठंच जीव लागायचा न्हाई तिचा. म्हणून हात बांधून घेतले. त्या नंबरानं बरं केलं व्हतं. दोन मिन्टं व्हती. आता त्येबी न्हाई."

लॅपटॉपवर मोनालीचा निरोप आला. गाडी उभी आहे, गेटपास? त्याच्याखाली लगेच दुसरा. ड्रायव्हर ओरडतोय गं. अनितानं वाचलं, आणि राहू दे उभी मेली, असं म्हणून लॅपटॉप पलीकडं सरकवला.

"आई, बोल."

"काय बोलू? कामाचं काय न्हाईच."

"बिनकामाचं बोल."

साळूबाईनं नाक ओढलं. मग तिनं, आज सकाळी काय काय झालं, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.